मागच्या सीटवरून पसंत केलेली गाडी

आत्या, तू गेलीस यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. आता यात माझी चूक किती आणि तुझी किती, ते तूच ठरव. ऐकलेल्या गोष्टीवर लगेच भरवसा ठेवायचा नाही हे मला तूच शिकवलंस. त्या दुपारी आईचा फोन आला आणि ती रडत रडत म्हणाली, "आत्या गेली रं सिध्या," तेव्हा मी उसाच्या फडात उभा होतो आणि माझ्या तोंडातून पहिलं काय निघालं असेल? "कुनी सांगितलं?" आई रडायची थांबली आणि ओरडली, "कुनी सांगायला कशाला पायजे? माझ्या फुडं पडलीय ती!" मग मला रडू आलं. तिथंच, बांधावर बसून, शेतकऱ्यासमोर.

काल तुझा जलदानविधी झाला. मांडवात बसून लोक काय काय बोलत होते ते तू ऐकायला पाहिजे होतंस. एकजण उठून म्हणाला, "सुमनबाई म्हंजे लई साधीभोळी बाई." साधीभोळी! मला हसू आवरेना, आईनं चिमटा काढला. अगं, मिरजगावच्या बाजारात तुझ्यासमोर पोतं सोडायला ठोक व्यापारी कचरायचे. तू मिरची-मसाला विकायचीस, पण विकायच्या आधी विकत घ्यायला जायचीस तेव्हा तुझा खरा अवतार दिसायचा. हळद पाण्यात टाकून बघणार. मिरचीची पूड चिमटीत चोळून, हुंगून, जिभेवर ठेवून बघणार आणि "वीट किती घातलीय ह्यात?" असं समोरच्याच्या तोंडावर विचारणार. तागडं उचलून त्याच्या बुडाला हात लावून बघणार. दूधवाला, डॉक्टर, एसटीचा कंडक्टर, टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगणारी बाई, कुणालाही तू सोडलं नाहीस. आईनं नवी चहापूड आणली तरी पहिला घोट तू डोळे बारीक करून घ्यायचीस.

अशा बाईला एक प्रश्न विचारायचा राहून गेला आणि काल मांडवात मला तोच सारखा आठवत होता. जगात तुझा कुणावरच भरवसा नव्हता, ते मला मान्य आहे. पण माझ्यावर होता का? तुझ्या भावाच्या पोरावर, ज्याला तू कडेवर घेऊन बाजार केलेस, त्याच्यावर?

हे एवढं मनावर घ्यायचं कारण ती गाडी. माझी पहिली गाडी, जी मी चालवतो आणि तू निवडलीस.

मला कारखान्यात चिटबॉयचं काम लागलं तेव्हाची गोष्ट. उसाची नोंद करायची, तोडीची चिठ्ठी द्यायची, सगळं काम फडाफडानं हिंडायचं. साहेबानं एवढंच विचारलं, "गाडी हाय ना?" मी बिनधास्त "हाय" म्हणून आलो. गाडी नव्हती ते सोड, मला चालवताही येत नव्हती. चोवीस वर्षांचा घोडा, आणि आमच्या घरात कधी सायकलच्या पुढं काही आलंच नाही. मग सलीमनं मला जत्रेच्या मैदानावर शिकवायला घेतलं. सलीम शाळेपासूनचा दोस्त, हायवेच्या कोपऱ्यावर त्याचं सीट कव्हरचं दुकान, गाडीही त्याचीच. आणि तू? तू रोज तिथं लिंबाखाली हाताची घडी घालून उभी. मी पहिल्यांदा आपटलो तेव्हा माझ्याकडं नंतर आलीस. आधी सलीमकडं गेलीस आणि म्हणालीस, "ब्रेक बराबर हाय का रं ह्याचा? का तू काय केलंस?"

"आत्या, मी कशाला काय करू? ह्यानं क्लच सोडला!"

"बघू. दाव मला क्लच."

सलीमनं बिचाऱ्यानं दाखवला. तुला त्यातलं काही कळलं नसावं, पण तू असं तोंड केलंस की सलीमलाच वाटलं आपलं काहीतरी चुकलंय.

मला हवी होती काळी, दीडशे सीसीची, मागची सीट आभाळात गेलेली. सलीम म्हणाला, "पहिली गाडी तू पाडनारच हायेस. हलकी घे, जुनी घे, दोन्ही पाय भुईला टेकतील अशी घे. मस्ती दुसऱ्या गाडीवर कर." त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही. तू मात्र मध्येच बोललीस, "मागं बसून बघितल्याबिगर गाडी घ्यायची न्हाई. मी येनार."

आणि आलीस. पिशवी छातीशी धरून.

नगरच्या त्या जुन्या गाड्यांच्या दुकानातला दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुकानदारानं एक निळी गाडी काढली. चकचकीत. तू आधी इंजिनाला तळहात लावलास. हे मामांनी, तुझ्या नवऱ्यानं, तुला शिकवलं होतं, तू आमच्या घरी राहायला यायच्या आधी. जुनी गाडी सकाळी गारठलेली असताना सुरू व्हायला कुरकुर करते, म्हणून विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधीच ती तापवून ठेवतो. इंजिन गरम लागलं की समजायचं, गडबड आहे. निळ्या गाडीचं इंजिन गार होतं. मी खुश झालो. तू मात्र वाकलीस आणि इंजिनाचा वास घेतलास. भर दुकानात, चार लोकांसमोर, कुत्रं भाकरी हुंगतं तसा.

"पोतं," तू म्हणालीस.

"काय काकू?"

"वलं पोतं गुंडाळलं हुतं ह्याला. गार करायला. वास येतोय."

"न्हाई ओ काकू, आत्ताच धुतलीय गाडी."

"धुतलीय तर चाकं कोरडी कशी?"

दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. तुझं सगळं आयुष्य पोत्यांत गेलेलं, तुझ्या नाकाला ओला ताग कुठून चुकणार? मी तर तुझ्यावर फिदा झालो. बाहेर आल्यावर म्हणालो, "आत्या, चल रस पाजतो." तू रसवंतीवाल्याला सांगितलंस, "बर्फ घालू नगं. आन् ग्लास आमच्या फुड्यात धू."

पण त्या दुकानात तू आणखी एक काम केलंस आणि तिथूनच मला तुझा संशय यायला लागला. प्रत्येक गाडी तू मोठ्या स्टँडवर लावायला सांगितलीस आणि मागच्या सीटवर चढून बसलीस. एका अंगावर, पदर खोचून. बुड सरकतंय का बघितलंस, पाय ठेवायची पट्टी बघितलीस, साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी असते ती हलवून बघितलीस, मागं धरायची दांडी खेचून बघितलीस. पुढच्या सीटकडं ढुंकूनही नाही. दुकानातली पोरं हसत होती. दुकानदार म्हणाला, "काकू, गाडी चालवनार कोन हाय, तुमी का हे?"

"चालवनाऱ्याला फुडचं दिसतं," तू म्हणालीस. "मागच्याला काय दिसतं? त्याची पाठ."

मला वाटलं, हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. त्याच महिन्यात तू तिसगावच्या बाजाराला सारखी जायला लागली होतीस. इथून तिसगाव केवढं लांब, आणि तू म्हणे तिथल्या मिरचीला रंग चांगला येतो. मिरची कधी दिसली नाही, पण येऊन तू तिथल्या कुणाच्या तरी पोरीचं कौतुक करायचीस, ती डीएड झालीय आणि स्वयंपाकही येतो म्हणून. मी हिशोब लावला. मागची सीट नवरीसाठी बघितली जातेय! मी तोंडावरच विचारलं, "आत्या, माझ्या मागं कुनाला बसवायचं चाललंय?" तू पुड्या बांधत होतीस. वर न बघता म्हणालीस, "कुनी का बसंना. पडायला नगं."

आता त्या लाल गाडीबद्दल बोलू. आपलं ते भांडण मिटलेलं नाही आणि तू मध्येच उठून गेलीस.

श्रीगोंद्याच्या रिटायर गुरुजींची गाडी. लाल, एकाच हातात वापरलेली, कव्हर घालून ठेवलेली, पहिल्या किकला सुरू. मागची सीट लांब. जाळी जागेवर. तुझ्या सगळ्या परीक्षा पास. मी मनातल्या मनात तिच्यावर बसून फडात पोचलोसुद्धा. आणि गुरुजींनी आपल्याला आत बोलावलं. चहा आला. चिवडा आला. मग पेरू कापून आले, वर मीठ-मिरची. गुरुजी म्हणाले, "घाई नाही, आधी पोटभर खा, मग गाडीचं बोलू." तू मला कोपरानं ढोसलंस. "ऊठ."

"का?"

"ऊठ म्हन्ते न्हवं!"

बाहेर येऊन काय म्हणालीस तर, "गिऱ्हाइकाला येवढं खायला घालनारा मानूस सरळ नसतो. काय तरी झाकतोय." आत्या! तो म्हातारा एकटा राहत होता, त्याला बोलायला माणूस हवं होतं, एवढंच होतं ते. मी किती चिडलो होतो. परतीच्या एसटीत मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसलो आणि तू सगळ्या वाटेनं माझ्या मानेकडं बघत बसलीस, मला कळत होतं.

ती गाडी पुढं शेजारच्या गावच्या वायरमननं घेतली. मला रोज आडवी जाते. धूर नाही, खडखड नाही. मी घरी येऊन तुला सांगायचो, "आज दिसली बघ तुझी झाकलेली गाडी." तू म्हणायचीस, "आजून दोन वरसं बघ." काल मांडवातून पाणी आणायला बाहेर पडलो तर तीच समोरून गेली, मस्त फुर्र करत. आणि तुला खरं सांगतो, मला पहिल्यांदा वाटलं, बंद पडावी मेली. इथंच, भर रस्त्यात बंद पडावी. म्हणजे तुझं खरं झालं असतं आणि मी येऊन तुला सांगितलं असतं. मग आठवलं की सांगायचं कुणाला.

शेवटी गाडी मिळाली ती आपल्या गावातच, त्या मंडपवाल्याकडं. राखाडी, शंभर सीसी, दिसायला गरीब. मला अजिबात पसंत नव्हती. मंडपवाला तर इतका उर्मट की खाटेवरून उठला नाही. म्हणाला, "ती उभी हाय. बघायची तर बघा, न्हाईतर चालायला लागा." पाण्याचंसुद्धा विचारलं नाही. मी मागं वळलो आणि बघतो तर तुझा चेहरा उजळलेला. "ह्याला इकायची घाई न्हाई," तू माझ्या कानात म्हणालीस. "हा खोटं बोलायचा न्हाई. ह्याला कटाळा हाय." तळहात लावलास, हुंगलंस, चाकं बघितलीस. मागच्या सीटचं रेक्झिन बघून म्हणालीस, "मागं कुनी बसल्यालंच न्हाई. कोन बसंल ह्याच्या मागं?" आणि चढून बसलीस. मला पुढं बसायला सांगितलंस.

गाडी स्टँडवर उभी. मी हँडल धरून, तू माझ्या मागं. कुठंच जायचं नव्हतं. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मग माझ्या डाव्या खांद्यावर बोटानं टिचकी मारलीस.

"काय गं?"

"काय न्हाई. हीच घे."

ती टिचकी काय ते मला आईकडून कळलं. तू आणि मामा गाडीवरून बाजार करायचात तेव्हा मध्ये मिरचीची पोती, मागं तू, आणि मामांना कानानं कमी ऐकू यायचं. डाव्या खांद्यावर टिचकी म्हणजे हळू, फुडं खड्डा किंवा गतिरोधक. उजव्या खांद्यावर म्हणजे जाऊ द्या आता. आई म्हणाली, "गाडी तुझे मामा चालवायचे व्हय? ती चालवायची. मागनं." मामा गेल्यावर तू कुणाच्याही गाडीवर बसली नव्हतीस, तेही आईनंच सांगितलं. तोवर माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

मंडपवाल्यानं जाताना लिंबू-मिरची आणून दिली, त्याच्यातला तेवढाच चांगुलपणा. तू परत केलीस. "आपल्या आज्यानं दीक्षा घेतली तवाच हे सुटलं. न्या तुमचं तुमाला." मला अभिमान वाटला. पण पुढच्या आठवड्यात गाडी धुताना मागच्या पाय ठेवायच्या पट्टीला, आतल्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही असा काळा दोरा बांधलेला सापडला. आईला विचारलं, नाही म्हणाली. सलीमनं शपथ घेतली. तुला विचारलं तर म्हणालीस, "मला काय इचारतूस? तपास कर." तुझ्या पुड्यांचा दोरा पांढरा, म्हणजे पुरावा नाही. माझा संशय आहे, पण पुरावा नाही. तो दोरा मी काढलेला नाही, एवढं तुला सांगून ठेवतो.

आणि मग, एवढं सगळं करून, तू माझ्या मागं बसलीच नाहीस.

पहिल्या दिवशी म्हणालो, "बस आत्या, गावातून एक चक्कर मारू." तू "आदी हात बसू दे" म्हणून पायी चालायला लागलीस आणि मी पहिल्या गिअरमध्ये तुझ्या शेजारून, वरातीसारखा. मग तुझा गुडघा दुखायला लागला. मग ऊन लागायला लागलं. बाजाराला जायला तुला एसटी चालायची, वडापच्या जीपमध्ये मागं लोंबकळायला चालायचं, पण भाच्याची गाडी चालत नव्हती. माझ्या मागं शेतकरी बसले, तोडणी मुकादम बसला, साहेब बसला, एकदा तर एक म्हातारा मांडीवर शेळी घेऊन बसला. शेळीनं भरवसा ठेवला आत्या, तू नाही.

शेवटी मी भांडलोच. तू धणे पाखडत होतीस. मी म्हणालो, "सरळ सांग ना, तुझा माझ्यावर इस्वास न्हाई." तू सूप खाली ठेवलंस. म्हणालीस, "मी तुझ्या मामावर बी डोळं झाकून बसले न्हाई कदी. दिवसभर उन्हात बसून येताना लई पेंग यायची, पन डोळा लागू दिला न्हाई. मागच्यानं झोपायचं नसतं. झोपलं की मानूस जड हुतो, गाडीवाल्याला आवरत न्हाई."

हे जड होणं मला माहीत होतं. मी लहान असताना बाजारातून टेम्पोनं परत आलो की उतरायच्या वेळी डोळे मिटून घ्यायचो. तू मला खांद्यावर टाकून घरापर्यंत न्यायचीस आणि वाटेत भेटणाऱ्या बायांना सांगायचीस, "झोपल्यालं पोर जड लागतं बाई. सोंगाडं हलकं." मी डोळे आणखी घट्ट मिटायचो. मला वाटायचं, फसली!

यंदा तुझा जीव दमायला लागला. दोन पोती उचलणारी तू, धाप लागून ओट्यावर बसायचीस. आईनं ओढून श्रीगोंद्याच्या डॉक्टरकडं नेलं, मग गोळ्या सुरू झाल्या, मग दर महिन्याला एसटीनं जाणं. डॉक्टरला तू विचारलंस म्हणे, "ह्या गोळ्या तुमच्या घरच्यांला दिल्या अस्त्या का?" तो म्हणाला, "आईला ह्याच देतो." तर तू म्हणालीस, "त्यांचा नंबर द्या." दिला बिचाऱ्यानं.

मागच्या वेळी आई तापानं पडली म्हणून तू एकटी गेली होतीस. मी श्रीगोंद्याकडच्याच फडात होतो, म्हणून स्टँडवर बघायला आलो. एक एसटी भरून गेली, दुसरी आलीच नाही. तू खांबाला टेकून उभी होतीस, तोंड उतरलेलं. 'बस' म्हणायचं बंदच केलं होतं मी. तूच गाडीकडं बघितलंस आणि म्हणालीस, "काढ."

"काय?"

"गाडी काढ. का आता मी पाया पडू?"

आत्या, चिटबॉय म्हणून एक सबंध हंगाम काढलेला मी, आणि माझी गाडी दोनदा बंद पडली. तू एका अंगावर बसलीस, पिशवी मांडीत, एक हात मागच्या दांडीला. श्रीगोंद्याची पेठ सोडायच्या आत माझ्या डाव्या खांद्यावर टिचकी. मग पुन्हा. उसाचा ट्रेलर आला की टिचकी, म्हैस दिसली की टिचकी, काही नसलं तरी टिचकी. उजव्या खांद्यावर एकदाही नाही. मी मनात म्हणालो, मामा खरंच सोशीक होते.

मांडवगण मागं पडलं आणि टिचक्या थांबल्या.

आधी मला वाटलं, रुसली. मग तुझं डोकं माझ्या पाठीला लागलं, मग पुन्हा उचललं, मग पुन्हा लागलं आणि तिथंच राहिलं. मग हळूहळू सगळा भार आला. गाडी डावीकडं ओढायला लागली, मला हँडल धरून ठेवावं लागत होतं. मी वेग कमी केला, एवढा की सायकलवाला पुढं गेला आणि वळून बघून हसला. मागून ट्रेलरवाले हॉर्न मारत होते, शिव्या देत होते. मला लघवीला लागली होती, थांबलो नाही. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मी असा चुकवला की जणू तिथं पोरं झोपलीत. हात बधिर झाले. तुला सांगतो, इतकी भीती मला कधी वाटली नव्हती आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

मिरजगावात शिरताना शाळेपुढं गतिरोधक आहे. तुझा भार तसाच माझ्या पाठीवर होता आणि तुझा हात उठला आणि माझ्या डाव्या खांद्यावर टिचकी बसली. मी हळू केलं. हात खाली पडला.

सलीमच्या दुकानापाशी गाडी थांबवली तशी तू दचकून सरळ झालीस, पिशवी चाचपलीस, पदर नीट केलास आणि माझ्यावरच उखडलीस, "काय बघतूस? झोपले न्हवते मी. डोळं मिटून बसले हुते."

मी म्हणालो, "बरं. मग शाळेफुडं टिचकी मारलीस ती?"

"कसली टिचकी? मी न्हाई मारली."

सापडलीस. जन्मभर दुसऱ्यांना पकडलंस आणि माझ्या हाती सापडलीस. तुलाही ते कळलं, कारण तू माझ्याकडं न बघता घराकडं चालायला लागलीस, तरातरा, दमत दमत. मी मनात म्हणालो, पुढच्या महिन्यात डॉक्टरकडं नेतानाच विचारू हिला. नीट खिंडीत गाठू. पुढचा महिना आलाच नाही. तू मिरच्या निवडता निवडता एका अंगावर कलंडलीस आणि मी फडात होतो.

काल मांडवात बसल्यावर माझ्या मनात भलताच संशय शिरला. ती झोप होती की आजारानं आलेली ग्लानी? तसं असेल तर भरवशाचा काय संबंध? मी सलीमला बाजूला घेतलं, विचारलं, "त्या दिवशी आमी आलो तवा तू काय बघितलंस?" तो म्हणाला, "आत्या घोरत हुती की. दुकानात आवाज आला." मी म्हणालो, "शपथ?" "शपथ." पण सलीमचा काय भरवसा? मी पहिल्यांदा आपटलो होतो तेव्हा यानंच आईला सांगितलं होतं, गुडघा दारात लागला. माझं तोंड बघून तो काहीही सांगेल. मी त्याला पुन्हा विचारलं, मग अजून एकदा. शेवटी तो चिडला, म्हणाला, "तू बी आत्यासारखाच झालास बघ," आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागला.

मग मी गाडी काढली आणि शाळेपर्यंत जाऊन आलो. मागं कुणी नव्हतं. गतिरोधक आला, डाव्या खांद्यावर काही लागलं नाही, गाडी दणकन आदळली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. ग्लानीतल्या माणसाचा हात गतिरोधकाला उठत नाही. तो हात झोपेतच, सवयीनं उठला होता, जसा मामांच्या पाठीमागं जागेपणी उठायचा. मामांच्या मागं तू कधी डोळा लागू दिला नाहीस. माझ्या मागं लागू दिलास.

आणखी एक. लहानपणी मी सोंग घ्यायचो ते तुला पहिल्या दिवसापासून कळत होतं, नाही का? सोंगाडं हलकं, हे तू त्या बायांना सांगत नव्हतीस, मला ऐकवत होतीस. तरी एकदाही खाली उतरवलं नाहीस. घरापर्यंत नेलंस. तेव्हा त्या दिवशी तू सोंग घेतलं असतंस तरी मी तुला नेलंच असतं, खड्डे चुकवत.

पण सोंग नव्हतं ते. सलीमचं मी धरत नाही. तुझं तर अजिबातच धरत नाही. तूच सांगितलेली खूण आहे आणि माझ्या पाठीनं ती बघितलीय. मांडवगणपासून मिरजगावपर्यंत तू जड होतीस, आत्या. लई जड होतीस.